सिग्नलला चालणारा माणूस दिसायला लागला त्याची गोष्ट

स्मार्ट सिग्नल म्हटलं की गाड्यांच्या रांगा आणि ट्रॅफिक जॅमच डोळ्यासमोर येतो, पण जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल लागला त्यात पायी चालणाऱ्यांचा विचार होता. डिसेंबर १८६८, लंडन, पार्लमेंटच्या बाहेर. जॉन पीक नाइट हा रेल्वेतला माणूस, त्याने रेल्वेसारखाच वर-खाली होणाऱ्या हातांचा खांब उभा केला, रात्रीसाठी गॅसचे लाल-हिरवे दिवे लावले आणि ते सगळं चालवायला एक पोलीस. घोडागाड्यांच्या गर्दीतून लोकांना धड रस्ता ओलांडता यावा म्हणून. जानेवारी १८६९ मध्ये गॅसचा स्फोट झाला, पोलीस जखमी झाला आणि ते प्रकरण तिथेच थांबलं.

मग मोटारी आल्या आणि सगळं गणितच बदललं. ब्रिटनमध्ये पायी चालणाऱ्यांसाठी १९३४ मध्ये क्रॉसिंग दाखवणारे, डोक्यावर पिवळा गोळा असलेले खांब आले, १९५१ मध्ये झेब्रा क्रॉसिंग आणि १९६९ मध्ये बटणवालं पेलिकन क्रॉसिंग. बटण दाबा, थांबा, हिरवा माणूस लागला की निघा. पण एकदा वेळ ठरली की ठरली, मग पलीकडे जाणारी धावणारी पोरं असोत की काठी टेकत जाणारी आजी.

७० च्या दशकात सिग्नल खरोखर 'हुशार' व्हायला लागले, ब्रिटनमध्ये स्कूट आणि सिडनीत स्कॅट्स ही सिस्टिम आली, गाड्या मोजून ग्रीनची वेळ आपोआप कमी-जास्त करायची. आता हे मोजायचे कसे तर रस्त्यात पुरलेल्या तारेच्या लूपने, वरून गाडी गेली की तिच्या धातूमुळे लूपला कळतं, आणि माणसाचं शरीर काही लूपला कळत नाही! म्हणजे फुटपाथवर पन्नास लोक ताटकळले असले तरी सिस्टिमच्या हिशोबात ते नाहीतच. माझ्या मते पुढच्या कित्येक वर्षांचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

हे बदललं ते ९० च्या दशकात, पफिन क्रॉसिंगने, आणि मला या सगळ्या इतिहासात तेच सगळ्यात आवडतं. कडेला एक सेन्सर, तो बघतो की बटण दाबणारा अजून उभा आहे का, मधेच गॅप बघून निघून गेला असेल तर मागणी रद्द, गाड्या उगाच थांबत नाहीत. दुसरा सेन्सर क्रॉसिंगवर, कोणी हळू चालत असेल तर तो पलीकडे पोचेपर्यंत गाड्यांचा लाल दिवा लांबवतो. हिरवा माणूसही समोर नाही तर आपल्या बाजूलाच बटणाजवळ, म्हणजे त्याच्याकडे बघताना नजर येणाऱ्या गाड्यांकडेही जाते. आणि बटणाच्या डब्याखाली हाताला लागेल असा छोटा शंकू असतो, हिरवा लागला की तो फिरतो, ज्यांना दिसत नाही त्यांना बोटांनी कळतं.

२००९ मध्ये सिंगापूरने वेगळा मार्ग काढला, ज्येष्ठ नागरिकांनी खांबावर आपलं कार्ड टेकवलं की रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. लंडनने २०१४ मध्ये कॅमेऱ्याने थांबलेली माणसं मोजून ग्रीन वाढवायची ट्रायल जाहीर केली, आणि २०२१ मध्ये काही निवडक क्रॉसिंगवर तर उलटंच करून टाकलं, हिरवा चालणाऱ्यांनाच, गाडी येताना दिसली तरच बदलायचा.

आपल्याकडे भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातात ३२,८२५ पादचारी गेले. पुण्यात अडॅप्टिव्ह, म्हणजे गर्दी बघून वेळ बदलणारे सिग्नल आलेत, बाकी शहरांतही येतायत, आणि ते गाड्यांबरोबर माणसंही मोजणार का हे टेंडर काढतानाच ठरायला हवं, कारण एकदा खांब उभा राहिला की नंतर कोणी सेन्सर बसवायला येत नाही.