३७७ गेलं, मग लग्न का होत नाही?

कॉलेज रोडवर गप्पा मारणारी मुलं असोत की सिडकोतली एखादी काळजीत पडलेली आई, नाशिकमध्ये समलिंगी नात्यांचा विषय निघाला की प्रश्न साधारण एकच येतो: "आता ते कायद्यात बसतं ना? मग लग्न का लावून देत नाहीत?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एखादं नातं गुन्हा नसणं ही एक गोष्ट, आणि त्या नात्याला कायद्याची मान्यता असणं ही दुसरी. पहिलीत सरकार तुमच्या मागे लागणं थांबवतं. दुसरीत ते तुमचं नातं स्वतःच्या दप्तरात लिहून घेतं आणि त्यातून येणारे हक्क तुम्हाला देतं. भारतात पहिली गोष्ट झाली आहे. दुसरी झालेली नाही.

आधी पहिलीबद्दल. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता आणली, त्यात ३७७ हे कलम होतं. "निसर्गाच्या व्यवस्थेविरुद्ध" असलेल्या शरीरसंबंधाला दहा वर्षांपर्यंत किंवा थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा. दोन प्रौढ माणसांची संमती आहे की नाही, याला त्या कलमात काहीही किंमत नव्हती. समलिंगी संबंध त्यातच धरले जात. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधले संमतीने होणारे संबंध त्यातून वगळले. ती याचिका एचआयव्हीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनची होती. पोलिसांच्या भीतीने माणसं लपून राहतात, मग त्यांच्यापर्यंत औषध आणि माहिती पोचवायची कशी, असा त्यांचा अगदी व्यवहारातला सवाल होता. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि साडेचार वर्षं मोकळा श्वास घेतलेली माणसं पुन्हा कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरली. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले.

हे थोडं नाही. ३७७ खाली शिक्षा फार जणांना झाली नसेल, पण धमकी द्यायला खटला चालावा लागत नाही. "केस टाकू का? घरी सांगू का?" एवढं म्हणून पैसे उकळता येत होते, आणि लुटला गेलेला मुलगा पोलिसांकडे जाऊच शकत नव्हता. २०१८ नंतर तो जाऊ शकतो. ज्यांनी ती भीती जवळून पाहिली आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. २०१८ च्या निकालाने ३७७ पूर्ण पुसलं नव्हतं. जबरदस्तीसाठी ते शिल्लक होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र ते कलम घेतलंच नाही. त्यामुळे आज प्रौढ पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला तर त्यासाठी बलात्काराचं थेट कलम नाही. ही पोकळी लवकर भरली गेली पाहिजे.

आता दुसरी गोष्ट. २०१८ च्या निकालाने लग्नाचा हक्क दिलेला नाही, तो मुद्दा त्या खटल्यात नव्हताच. नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर नाशिकमध्येही विवाह अधिकाऱ्याकडे विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोटीस द्यावी लागते, तीस दिवस थांबावं लागतं, तीन साक्षीदार आणावे लागतात. त्या कायद्यात वर २१ वर्षांचा आणि वधू १८ वर्षांची अशी अट आहे. दोन मुली तिथे गेल्या तर त्यांना कोणी अटक करणार नाही. त्यांचा अर्जही कोणी घेणार नाही. पहिल्या आणि दुसऱ्या गोष्टीतलं अंतर त्या एका टेबलापाशी दिसतं.

हे अंतर मिटवायला काही जोडपी सर्वोच्च न्यायालयात गेली. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्ती म्हणाले की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा बदलणं हे संसदेचं काम आहे. लग्न नाही, पण निदान नात्याला तरी सरकारने मान्यता द्यावी का, यावर मात्र मतं फुटली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल हो म्हणाले, उरलेले तिघे नाही. मला स्वतःला त्या दोघांचं मत अधिक न्याय्य वाटतं. प्रेम करायला मोकळीक आहे पण त्यावर कुटुंब उभारायला आधार नाही, हे अर्धवट स्वातंत्र्य आहे. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

हे भारतातच झालं असंही नाही. जगभर या दोन गोष्टींमध्ये काळ गेला आहे, कुठे बारा वर्षं तर कुठे दोन शतकं. फ्रान्सने क्रांतीनंतर १७९१ च्या दंडसंहितेतून हा गुन्हा काढला, लग्न दिलं २०१३ साली. नेदरलँड्समध्ये १८११ पासून गुन्हा नाही, आणि १ एप्रिल २००१ रोजी जगातलं पहिलं समलिंगी विवाहाचं दार तिथेच उघडलं. अमेरिकेत दोन्ही निकालांची तारीख २६ जूनच: २००३ मध्ये गुन्हा रद्द, २०१५ मध्ये देशभर लग्न. इंग्लंडची वाट तुकड्यातुकड्यांची होती. १९६७ मध्ये २१ वर्षांवरच्या पुरुषांना, तेही बंद दाराआड, सूट मिळाली. मग १९८८ मध्ये स्थानिक संस्थांना या विषयाचा "प्रचार" करायला बंदी घालणारा कायदा आला आणि तिथल्या कित्येक शिक्षकांनी वर्गात हा विषय काढणंच सोडलं. २००५ मध्ये नागरी भागीदारी, म्हणजे लग्न न म्हणता नात्याची कायदेशीर नोंद, आणि २०१४ मध्ये लग्न. म्हणजे गुन्हा पुसल्यानंतरही द्वेषाचा कायदा येऊ शकतो. रशियाने तर १९९३ मध्ये गुन्हा काढला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने "आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ", म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांची चळवळ, अतिरेकी ठरवली.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते सिंगापूरमध्ये. तिथेही इंग्रजांनीच दिलेलं ३७७अ होतं. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी संसदेने ते रद्द केलं आणि त्याच दिवशी राज्यघटनेत दुरुस्ती केली, की स्त्री-पुरुषांमधलाच विवाह ही व्याख्या न्यायालयात जाऊन पाडता येऊ नये. एक दार उघडताना दुसऱ्याला कुलूप. जपानमध्ये तर एकोणिसाव्या शतकापासून हा गुन्हा नाही, तरी देशपातळीवर समलिंगी लग्न नाही. आपल्याकडच्या अनेकांना वाटतं की पहिली पायरी चढली की दुसरी आपोआप येते. जपानकडे पाहावं.

नामिबियात क्रम उलटाच झाला. मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशात झालेल्या समलिंगी विवाहातल्या जोडीदाराला देशात राहण्यासाठी जोडीदार मानलं. पुरुषांमधले संबंध मात्र जून २०२४ पर्यंत तिथे गुन्हाच होते.

आशियात लग्नापर्यंत पोचलेल्यांमध्ये तैवान (२४ मे २०१९) आणि थायलंड (२३ जानेवारी २०२५) आहेत. नेपाळमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या अशा लग्नाची नोंद झाली. शेजारच्या पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेत इंग्रजी काळातली कलमं अजून पुस्तकात आहेत. जगात साठहून अधिक देश आजही हे गुन्ह्यात धरतात. युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात काही प्रसंगी मृत्युदंडही आहे. आणि मिळालेलं परतही जातं: त्रिनिदादमध्ये २०१८ मध्ये न्यायालयाने पाडलेली कलमं मार्च २०२५ मध्ये अपिलात पुन्हा उभी राहिली.

तृतीयपंथी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा या दोन्हींपेक्षा वेगळा आहे, तो इथे मिसळू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या, नालसा नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालाने लिंगओळखीला मान्यता दिली, २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्राची सोय केली. तो प्रश्न माणसाच्या ओळखीचा आहे, जोडप्याच्या नात्याचा नाही. ट्रान्स स्त्री आणि पुरुष यांचं लग्न सध्याच्या कायद्यांतच होऊ शकतं, हे २०२३ च्या निकालातही स्पष्ट म्हटलं आहे.

मान्यता नसल्याचा त्रास रोज जाणवतो असं नाही. तो जाणवतो आजारपणात, मृत्यूनंतर आणि मालमत्तेच्या वेळी. समजा इंदिरानगरमध्ये दोन पुरुष पंधरा वर्षं एका फ्लॅटमध्ये राहतात आणि फ्लॅट एकाच्याच नावावर आहे. त्याने मृत्युपत्र न करता डोळे मिटले, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित मुलाची वारस त्याची आई. आई नसेल तर वडील, मग भावंडं. ज्याने हप्ते भरायला मदत केली, उशाशी बसून रात्री काढल्या, तो यादीत कुठेच नाही. जिवंतपणी फ्लॅट बक्षीसपत्राने द्यायचा म्हटलं, तर महाराष्ट्रात नवरा-बायकोसाठी राहत्या घराच्या बक्षीसपत्राला २०० रुपये मुद्रांक शुल्काची सवलत आहे, ती या दोघांना नाही. दत्तकाच्या नियमांत जोडप्यासाठी दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक जीवनाची अट आहे, म्हणजे मूल दोघांचं होऊ शकत नाही.

काही फटी सरकारने बुजवल्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातले मानावं, अशीही सूचना आहे. पण इथे आणखी एक घोटाळा होतो: नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण वारसांनी मागितले तर नॉमिनीला ते त्यांच्या हवाली करावे लागतात. नॉमिनीत नाव घातलं म्हणून निर्धास्त झालेल्या जोडप्यांना मी कळकळीने सांगतो, तेवढ्यावर थांबू नका.

मृत्युपत्र करा, दोघांनीही, वेगवेगळं. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे ती करून घ्या, कारण पुढे नातेवाईक वाद घालतील तेव्हा ती उपयोगी पडते. सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत, शक्यतो वयाने तुमच्यापेक्षा लहान आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे.