सुट्टीची पुस्तकं: यादीपासून मोकळ्या कपाटापर्यंत

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आटोपत आल्या की सोलापुरातल्या वाचनालयांत देवघेवीच्या टेबलापाशी वर्दळ वाढते. शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद, पारा चाळिशीच्या पुढे आणि दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नाही. वाचायला एवढे सलग तास एरवी मिळत नाहीत. तरीही उत्साहाने नेलेली कितीतरी पुस्तकं अर्धवट वाचून परत येतात. याचं खापर मोबाइलवर फोडलं जातं, पण दुखणं त्याहून जुनं आहे. पुस्तक स्वतः हाताळून, चाळून निवडायची संधी आपल्याकडच्या वाचकाला फार उशिरा मिळाली. तोवर निवड दुसरंच कोणीतरी करत होतं.

मुंबई इलाख्यातली आणि आसपासच्या संस्थानांतली सार्वजनिक वाचनालयं एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. रत्नागिरीचं १८२८ मधलं, पुण्याचं १८४८ मधलं, कोल्हापूरचं १८५० मधलं. सोलापुरातलं हिराचंद नेमचंद वाचनालय याच परंपरेतलं. ज्यांचं नाव त्याला आहे त्या शेठ हिराचंद नेमचंदांनी १८८०च्या दशकात सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केलं होतं. छापील शब्दावर पैसा आणि वेळ खर्च करणारा वर्ग या व्यापारी गावात तेव्हापासून होता.

ही जुनी वाचनालयं वर्गणीवर चालत आणि कपाटं कुलूपबंद असत. सभासदाने छापील यादी बघायची, चिठ्ठीवर पाच-सहा नावं लिहायची आणि त्यातलं जे शिल्लक असेल ते लेखनिकाने आतून आणून द्यायचं. पुस्तक घरी येईपर्यंत त्याचं पान उलटलेलं नसे. अशा पद्धतीत वाचक ओळखीच्या लेखकाच्या नावावर विसंबतो, दुसरं करणार काय? ‘त्यांचं काहीही द्या’ ही आजही टेबलापाशी ऐकू येणारी मागणी तिथूनच आलेली आहे.

प्रवासातल्या वाचनाची वाट वेगळी. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोहोचली. अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने १८७७ पासून स्टेशनांवर पुस्तकांचे स्टॉल मांडले आणि १८८८ मध्ये एक रुपयाच्या पुस्तकांची रेल्वे मालिका काढली. पातळ, हलकं, प्रवासात संपेल असं पुस्तक हा प्रकार त्यातून रुळला. मराठीत हे काम मासिकांनी केलं. मुलांसाठी ‘आनंद’ १९०६ मध्ये निघालं, ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये आला आणि बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ मध्ये सुरू झालं. दिवाळीच्या सुट्टीत काय वाचायचं हा प्रश्न अंकांनी जवळजवळ मिटवूनच टाकला. मे महिन्यासाठी तशी तयार सोय कधी झाली नाही, म्हणून उन्हाळ्याची निवड जास्त चुकते.

कुलूप काढायची सुरुवात बडोद्याने केली. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून मोफत वाचनालयांचं जाळं उभारलं. वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देणारी मुक्तद्वार पद्धत आणि खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या ही त्यातली दोन मोठी कामं. १९३१ मध्ये डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यातली दोन सूत्रं सुट्टीच्या निवडीला आजही लागू पडतात. मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीने १९४० मध्ये जिल्हा-तालुका पातळीवरच्या वाचनालयांची योजना दिली. पुढे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले आणि अनुदानाला कायद्याचा आधार मिळाला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची मदतही येऊ लागली.

या अनुदानाचा आणि तुमच्या सुट्टीचा थेट संबंध आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाची बरीच खरेदी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत उरकली जाते. मग प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक, शिक्का आणि वर्गांक (विषयाचा आकडा) देऊन ते कपाटात लागायला काही आठवडे जातात. म्हणजे नवी पुस्तकं ऐन एप्रिलमध्ये बाहेर येतात. दर्शनी रॅकवर नसतील तर ‘नवीन दाखल झालेली कुठे ठेवलीत?’ असं स्पष्ट विचारावं. पुस्तकं विषयाच्या आकड्यानुसार लावायच्या ड्युई पद्धतीच्या वाचनालयात मराठी साहित्य ८९१.४६ खाली आणि कादंबरी-कथा ८९१.४६३ खाली सापडतात. एकदा हा आकडा माहीत झाला की यादीची गरज पडत नाही.

कपाट मोकळं झालं तरी हाताळायचं कसं हे कोणी शिकवलं नाही. पहिली तपासणी तासांची करावी. डेमी आकाराच्या (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) पानावर साधारण २७० ते २९० शब्द बसतात. मनात वाचणारा सरावाचा प्रौढ वाचक मिनिटाला १५० ते २०० शब्द वाचतो, म्हणजे सरासरी तासाला ३५ ते ४० पानं. पुस्तक १५ दिवसांसाठी मिळत असेल आणि रोज दुपारचे दोन तास धरले तर हिशेबात ३० तास येतात. पाहुणे, लग्नं आणि दुपारची झोप वजा केली की हातात निम्मे राहतात. १५ तासांत साडेपाचशे पानं होतात: एक तीनशे पानी आणि एक दोनशे-अडीचशे पानी पुस्तक. नऊशे पानांची ऐतिहासिक कादंबरी उचलायला हरकत नाही, पण तिला चोवीस तास लागतात, तेव्हा सोबत दुसरं काही घेऊ नये. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचे चार तास कागदावर दीडशे पानांचे असतात. चहा-वडा आणि शेजारच्यांच्या गप्पांत ऐंशी झाली तरी पुष्कळ. तिथे कथासंग्रहच घ्यावा, कुठेही थांबता येतं.

दुसरी तपासणी मजकुराची. पहिलं पान वाचून ठरवू नका, ते लेखकाने सर्वांत जास्त घासून-पुसून घेतलेलं असतं. पुस्तकाच्या एक तृतीयांशावर उघडून दोन पानं सलग वाचा. तिथेही नजर पुढे सरकत असेल तर पुस्तक घरी न्यायचं. मुलांसाठी पाच बोटांची पद्धत चांगली: एक पान मुलालाच वाचू द्यायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. मूठ बंद झाली तर ते पुस्तक एकट्याने वाचण्याजोगं नाही. मोठ्यांनी वाचून दाखवायला मात्र तेच उत्तम.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. महापालिकेच्या शाळाच मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर वस्तीत घरात तेलुगू आणि शाळेत मराठी, तर अक्कलकोटच्या बाजूला घरात कन्नड. अशा मुलाचा मराठी वाचनाचा वेग वयावरून ठरवला तर पुस्तक हमखास जड जातं. दहा मिनिटं वाचू द्या, पानं मोजा आणि मग जाडी ठरवा. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका इथे फार उपयोगी, कारण तिच्यातली पुस्तकं अनेक भारतीय भाषांत निघतात. एकच गोष्ट आजीला तेलुगूत आणि नातवाला मराठीत वाचता येते. शाळांनी आणि वाचनालयांनी दोन्ही भाषांतल्या प्रती शेजारीशेजारी ठेवायला हव्यात, ही मागणी सभासदांनी लावून धरावी.

वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर तारीखपट्टी चिकटवलेली असते. ती वाचायला शिका. शिक्के लागोपाठ दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने असतील तर पुस्तक लोक पूर्ण मुदत ठेवून घेतात. जाड पुस्तकावर तीन-चार दिवसांच्या अंतराचे शिक्के दिसले तर ते न आवडता परत येतंय. चार वर्षं शिक्काच नसेल तर पुस्तक वाईट आहे असं नव्हे, ते खालच्या कप्प्यात दडलेलं असू शकतं. संगणकावर नोंदी करणाऱ्या वाचनालयांत पट्टी गेली आहे, तिथे ग्रंथपालाशी बोलणं हाच मार्ग. ‘चांगलं काहीतरी द्या’ म्हणण्याऐवजी आधीची आवडलेली दोन आणि सोडून दिलेलं एक अशी नावं सांगा. सोडलेल्या पुस्तकावरून त्यांना जास्त कळतं.

विकत घेताना श्रेयनामावलीचं पान, म्हणजे प्रकाशक आणि आवृत्तीची माहिती असलेलं सुरुवातीचं पान, बघा. ‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावर नसला तरी तिथे असू शकतो. अनुवादित पुस्तकावर अनुवादकाचं नावच नसेल तर ते परत ठेवा.

आणि बांधणी. पुस्तक मधोमध उघडून कण्याकडे बघा. पानांच्या घड्यांमध्ये दोरा दिसला तर ते शिवलेलं आहे, उन्हाळा काढेल. नुसत्या गोंदावर चिकटवलेलं पुस्तक बंद गाडीत काचेखाली ठेवलं की गोंद मऊ होतो, कणा वाकतो आणि तसंच उघडल्यावर पानं सुटतात. सोलापूरच्या मे महिन्यात एक दुपार त्याला पुरते. वाचनालयाचं पुस्तक असेल तर भरपाई सभासदाकडून घेतली जाते, म्हणून गाडीतून उतरताना ते पिशवीत घालूनच उतरा. गावाला जायच्या आधी मुदतवाढ फोनवर मिळते का आणि सुट्टीत वाचनालय कोणत्या दिवशी बंद असतं, हे टेबलावरच विचारून घ्या.