सीतेची वेणी

पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीतल्या जुन्या झाडांवरून गजऱ्यासारखी लोंबणारी आमरी, म्हणजे रानातले ऑर्किड. शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेटुसा, कुल ऑर्किडेसी. आसामचे राज्यफूल ‘कपौ फूल’ ते हेच. बिहूत नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात. वेणीचे नाते तिकडेही सुटलेले नाही. भारतापासून फिलिपिन्सपर्यंत पसरलेल्या या जातीला एरवी दुर्मिळ म्हणता येणार नाही. कोल्हापुरात मात्र ती हवी तर घाटमाथाच गाठावा लागतो.

शिरोळकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर गगनबावड्यात त्याच्या कितीतरी पट. ही आमरी राहते ती या ओल्या पट्ट्यात : राधानगरी, दाजीपूर, आंबा घाट, चंदगड. यांपैकी १९५८ पासून संरक्षित असलेले दाजीपूरचे जंगल लोकांना गव्यांमुळे माहीत आहे. गवा शोधणारी नजर खाली असते, वेणी असते वर.

अनेक जण हिला बांडगूळ समजतात. ते खरे नव्हे. बांडगूळ झाडाच्या आत मुळे घुसवून रस ओढते. ही आंबा, फणस, ऐन, किंजळ यांच्या खरबरीत सालीवर नुसती बसते. तिची जाड, हवेत लोंबणारी मुळे उन्हाळ्यात राखाडी-पांढरी दिसतात. त्यांच्यावर पाणी शिंपडले की बघता बघता हिरवट होतात, कारण बाहेरचे स्पंजासारखे आवरण पाणी शोषते आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाने पट्ट्यासारखी, जाड, टोकाला खाच. ‘रेटुसा’ हे नाव त्या खाचेवरून.

वळवानंतर, मृगाच्या आगेमागे ती फुलते. वीतभर किंवा त्याहून लांब घोसात शंभरापर्यंत फुले दाटीने लागतात. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट-गुलाबी ठिपके, ओठ, म्हणजे पुढची वेगळी पाकळी, गडद.

एका बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते. पण बियांत अन्नसाठाच नसल्याने योग्य बुरशी भेटल्याशिवाय त्या रुजत नाहीत. त्यामुळे जुने झाड पडले की नुसते रोप लावून भागत नाही. शेवाळलेली साल तयार व्हायला वर्षे जातात. देवरायांत ही झाडे टिकली, म्हणून तिथे वेण्याही दिसतात. अभयारण्यातून वनस्पती नेणे गुन्हा आहे. तरी फांदीसकट तोडून आणलेली वेणी शहरातल्या गॅलरीत तारेने बांधलेली दिसते, बहुतेकदा वाळत चाललेली.