वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो: दोन काउंट्यांतले एक स्कूल डिस्ट्रिक्ट

न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाच्या कानावर ‘डब्ल्यू-डब्ल्यू-पी’ हे नाव लवकरच पडते. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो या दोन टाउनशिपांचे हे सामायिक स्कूल डिस्ट्रिक्ट. टाउनशिप म्हणजे गावाच्या पातळीवरचे स्थानिक प्रशासन, आणि काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा मोठा विभाग. वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत, प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. ही दोन गावे शाळा चालवणाऱ्या एकाच बोर्डाखाली का आली, हे कळले की टॅक्सच्या बिलातले बरेचसे कोडे सुटते.

अमेरिकेतल्या स्कूल डिस्ट्रिक्टला आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागासारखे समजू नये; ती सरकारी शाळा चालवणारी स्वतंत्र संस्था असते. न्यू जर्सीत अशी सुमारे 600 डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेकांचे बोर्ड मतदार निवडून देतात, बजेट त्यांचे स्वतःचे असते आणि घराच्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये शाळेची ओळ वेगळी असते. साधारणपणे बिलातली सर्वांत मोठी रक्कम तीच.

1960च्या दशकापर्यंत दोन्ही गावे शेतीची होती. प्लेन्सबरोतली वॉकर-गॉर्डन डेअरी देशभर गाजलेली. तिथे 1930 मध्ये फिरत्या चौथऱ्यावर एका वेळी 50 गायींचे दूध काढणारे यंत्र बसवले होते. मुले मात्र थोडी, त्यामुळे हायस्कूलसाठी ती प्रिन्स्टनला जात. अशा व्यवस्थेत गाव दर मुलामागे फी भरते, पण अभ्यासक्रम, वेळापत्रक, शिक्षक हे सगळे दुसऱ्याचे बोर्ड ठरवते. स्वतःचे हायस्कूल बांधायचे तर एकट्याला परवडत नाही. म्हणून 1969 मध्ये दोन्ही गावांनी मिळून रिजनल, म्हणजे सामायिक, डिस्ट्रिक्ट केले आणि 1973 मध्ये क्लार्क्सव्हिल रोडवर हायस्कूल उघडले. तेच आजचे ‘साउथ’.

एकत्र आली तेव्हा गावे किती लहान होती, ते जनगणनेत दिसते. 1970 मध्ये वेस्ट विंडसरची वस्ती 6,431 आणि प्लेन्सबरोची फक्त 1,648. 2000 मध्ये हेच आकडे 21,907 आणि 20,215 झाले. तीस वर्षांत एक गाव साडेतीन पटींच्या आसपास वाढले, दुसरे बारा पटींनी. वेस्ट विंडसरला प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन होते, न्यूयॉर्कची गाडी तिथूनच. तिकडे शेतांवर बंगले उठले. प्लेन्सबरोत फॉक्स रन, हंटर्स ग्लेनसारखी मोठी अपार्टमेंट संकुले झाली, आणि शेजारी प्रिन्स्टन विद्यापीठाने फॉरेस्टल सेंटर हे ऑफिसांचे आवार विकसित केले.

शाळेच्या जागांचा अंदाज चुकतो तो इथे. नेहमीची पद्धत अशी: पाच वर्षांपूर्वी गावात किती जन्म झाले ते बघायचे, त्यावरून केजीचा आकडा काढायचा, आणि पहिलीतली किती मुले दुसरीत टिकतात याचे मागच्या काही वर्षांचे प्रमाण पुढे लावत जायचे. वस्ती स्थिर असेल तर हे चांगले चालते. पण ज्या गावात मूल जन्मते पुण्यात किंवा न्यू जर्सीतल्याच एडिसनमध्ये आणि शाळेसाठी इथे येते, तिथे स्थानिक जन्मनोंदीचा उपयोग थोडाच. शिवाय दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मुले फारशी नसतात, हा बिल्डरांचा ठोकताळा अशा गावात उलटतो, कारण कुटुंबे शाळेसाठीच तो फ्लॅट घेतात. 1997 मध्ये प्लेन्सबरोच्या हद्दीत दुसरे हायस्कूल, ‘नॉर्थ’, उघडावे लागले.

आता पैसा. न्यू जर्सीच्या राज्यघटनेत 1875 पासून ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ मोफत शाळांची हमी आहे. फक्त स्थानिक घरपट्टीवर शाळा चालवल्या तर गरीब गावांना ही हमी मिळत नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये रॉबिन्सन विरुद्ध काहिल खटल्यात ठरवले. विधिमंडळ हलेना, तेव्हा 1 जुलै 1976 रोजी न्यायालयाने शाळांवरचा खर्चच थांबवला, आणि आठवडाभरात राज्याचा पहिला इन्कम टॅक्स मंजूर झाला. त्यानंतरही सधन उपनगरांना राज्याची मदत तुलनेने कमीच मिळते. भार घरमालकांवर राहतो.

दोन गावांत हा भार वाटतात तो समान केलेल्या मालमत्ता-मूल्यावर. प्रत्येक गावाचे मूल्यांकन वेगवेगळ्या वर्षी झालेले असते, म्हणून राज्य दरवर्षी खऱ्या विक्रीच्या किमतींशी ताडून ते एका पातळीवर आणते. समजा, एकूण मूल्यात एका गावाचा वाटा 60 टक्के होता, तो 62 झाला. मग बजेट एका डॉलरने वाढले नाही तरी त्या गावाचा हिस्सा वाढतो आणि दुसऱ्याचा घटतो. ‘टॅक्सवाढीवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे, मग आमचे बिल 5 टक्क्यांनी कसे वाढले?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा यातच असते. मर्यादा डिस्ट्रिक्टच्या एकूण वसुलीवर आहे, तुमच्या बिलावर नाही. शिवाय कर्जफेड आणि आरोग्यविम्यासारख्या खर्चांना तिच्यातून सवलत आहे.

2015 मध्ये डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडेंट (मुख्य अधिकारी) डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना 16 पानी पत्र लिहिले. हायस्कूलच्या सहामाही आणि अंतिम परीक्षा रद्द झाल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठरल्या, चौथी-पाचवीचा प्रगत गणिताचा वर्ग बंद झाला. तेव्हा जवळपास 65 टक्के विद्यार्थी आशियाई वंशाचे होते, आणि बोर्डाच्या सभांत पालकांचे सरळ दोन तट पडले. स्पर्धेसाठीच इथे आलेल्यांना हे पाऊल फसवणुकीसारखे वाटले. पण मुलांची झोप आणि मन:स्वास्थ्य हा प्रश्न खरा होता, आणि तो उघडपणे मांडायला धैर्य लागले, हे मान्य केलेच पाहिजे.

घर घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पोस्टाचा पत्ता डिस्ट्रिक्ट ठरवत नाही. 08540 या पिनकोडवर ‘प्रिन्स्टन’ लिहिलेली घरे वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स अशा वेगवेगळ्या टाउनशिपांत आहेत, आणि तितकीच वेगवेगळी डिस्ट्रिक्ट. टॅक्सच्या बिलावर टाउनशिपचे नाव बघा. मग डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात रस्त्याचे नाव सांगून शाळा विचारा, कारण नॉर्थ की साउथ हे टाउनशिपवरून ठरत नाही. वेस्ट विंडसरची काही मुले प्लेन्सबरोतल्या नॉर्थलाच जातात.