कवळी तीच, हिरडी बदललेली

चार-पाच वर्षं नीट बसलेली कवळी हळूहळू कुरकुर करू लागते. खालची जिभेबरोबर उचलली जाते, वरची शिंकताना सुटते, बोलताना टकटक वाजते. मग औषधाच्या दुकानातून चिकटवायची ट्यूब येते. त्याआधी कवळी नेमकी कधी सुटते हे दोन दिवस नीट पाहिलं, तर दंतवैद्याचं निम्मं काम होतं.

दात काढले की त्यांना धरून ठेवणारी हाडाची कड झिजायला लागते. पहिल्या वर्षात भराभर, नंतर सावकाश, पण आयुष्यभर. टॉलग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांची २५ वर्षांपर्यंतची मोजमापं १९७२ साली प्रसिद्ध केली. त्यात पुढच्या भागात खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेला दिसला. ॲक्रेलिकची कवळी मात्र माप घेतलं त्या दिवशीच्या हिरडीचा आकार धरून बसलेली असते.

वरची कवळी लाळेच्या पातळ थरावर टिकते. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहा: सरकतात, पण सरळ ओढून निघत नाहीत. कडेने हवा शिरली की मात्र खेळ संपला. म्हणूनच टाळूचा कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथे कवळीची मागची कड किंचित रुतलेली लागते. ‘ओकारी येते’ म्हणून हीच कड घासून घेणारे पुष्कळ असतात. पुढे कवळी पडू लागते आणि खापर मापावर फुटतं. खालच्या कवळीला टाळूचा आधार नाही, टेकायला जागा वरच्याच्या जेमतेम निम्मी, आणि मधोमध सतत हलणारी जीभ. ती वरच्यासारखी घट्ट बसेल ही अपेक्षाच चुकीची. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना आतून टेकवून ठेवायची सवय लावली तर ती बरीच स्थिर राहते. जीभ मागे ओढली की आतल्या कडेने हवा शिरते.

आता घरची परीक्षा. वरची कवळी बसवा, पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला बोट टेकवून बाहेरच्या दिशेने हलकेच ढकला. मागून चटकन सुटली, तर मागच्या कडेची पकड गेली. मोठा आ केल्यावरच पडत असेल तर बहुधा कुठलीतरी कड लांब किंवा जाड आहे. बोलताना ठीक, पण चावताना डुगडुगत असेल तर वरखालचे दात एकमेकांवर नीट टेकत नाहीत; नुसतं कवळीचं आतलं अस्तर बदलून हा दोष जात नाही. आणि तोंड कोरडं पडत असेल तर रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या किंवा नैराश्यावरच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. लाळच नसेल तर उत्तम मापाची कवळीही धरत नाही.

हाड झिजल्यामुळे आलेल्या सैलपणावर खरा उपाय रिलायनिंग, म्हणजे आतलं अस्तर बदलणं. आतला थोडा थर खरवडून, कवळीतच मापाचा मसाला भरून तोंडात नवं माप घेतात आणि लॅबमध्ये त्या जागी नवं ॲक्रेलिक चढवतात. इथे घाई नडते. सैल कवळीने घासून हिरडी सुजलेली असते. त्या सुजेवरच माप घेतलं तर सूज उतरल्यावर कवळी पुन्हा ढिली. आधी काही दिवस कवळी जमेल तेवढी बाहेर ठेवायची, किंवा आतून मऊ तात्पुरतं अस्तर लावून ते थोड्या-थोड्या दिवसांनी बदलून घ्यायचं. दातच झिजून सपाट झाले असतील तर मात्र नवी कवळी बरी.

ट्यूब वापरायचीच तर कवळी धुऊन, पुसून, तुरीच्या दाण्याएवढे तीन-चार ठिपके, कडेपासून आत. बसवून काही सेकंद दाबून धरा. बाहेर ओघळली तर जास्त झाली. दिवसातून एकदा पुरत नसेल तर ट्यूबची नव्हे, अस्तराची गरज आहे. जस्त नसलेली निवडा. जस्ताची ट्यूब वर्षानुवर्षं भरमसाट वापरल्याने शरीरातलं तांबं घटून हातापायांत बधिरपणा आलेले रुग्ण नोंदलेले आहेत. कापूस कोंबणं, झटपट चिकटणारा गोंद लावणं, कानशीने घासणं, यातलं काहीही नको. कढत पाण्यानेही कवळी वाकते. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवा. चोवीस तास घातली की तिच्याखाली बुरशी वाढून टाळू लालभडक होतो.

खालचं हाड फारच बसलं असेल तर पुढच्या भागात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे धातूचे खुंट, बसवून त्यांवर टिचबटणासारखी कवळी अडकवतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी पूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी हीच पहिली पसंती असावी असं म्हटलं. बटणातल्या नायलॉनच्या टोप्या झिजतात, त्या अधूनमधून बदलाव्या लागतात; हा खर्च आधीच विचारून घ्या.

कवळी टोचते म्हणून दंतवैद्याकडे जाणार असाल तर आदल्या दिवशी सोसवेल तेवढी घालून ठेवा. नाहीतर लाल डाग मावळतो आणि कुठे घासायचं ते कळत नाही. घासून घेतल्यावरही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती कवळीची समजून गप्प बसू नका. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर जखमेचा तुकडा काढून तपासायचा का, हे तेव्हाच विचारा.