रोड फायटरची कॅसेट: खानदेशात तिची किंमत कशी ठरते

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर इथल्या घरांच्या माळ्यांवरून जुने टीव्ही गेम खाली निघू लागले आहेत. कालपर्यंत ते भंगारात किलोवर जात होते. आता जुन्या वस्तू जमवणारी तरुण मंडळी कॅसेटी शोधत फिरतात आणि पहिली चौकशी असते ती रोड फायटर या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची. मग घरमालक विचारतो, याचे किती येतील? हा गेम आपल्याकडे कोणत्या रूपात आला, हे कळल्याशिवाय त्याला आकडा सांगता येत नाही.

नाणे टाकून गाडी पळवायचे यंत्र अटारीने १९७४ साली 'ग्रॅन ट्रॅक १०' या नावाने काढले. त्याला स्टीअरिंग, गिअर आणि पेडल होते, मायक्रोप्रोसेसर मात्र नव्हता. १९८२ मध्ये नामकोच्या 'पोल पोझिशन'ने गाडीच्या मागून दिसणारा रस्ता लोकप्रिय केला. १९८६ मध्ये सेगाचा 'आउट रन' आला. यू सुझुकी यांनी घडवलेल्या या गेममध्ये लाल गाडी, फाटे फुटत जाणारा रस्ता आणि निघण्याआधी आपल्या पसंतीचे संगीत लावायची सोय होती. त्याच्या मोठ्या मॉडेलमध्ये वळणावर बसायची सीटसुद्धा कलायची. जगभरचे संग्राहक आज ज्यांच्यामागे धावतात ती यंत्रे म्हणजे ही.

यातले फारसे काही तापीच्या खोऱ्यात पोचले नाही, आणि त्याचे कारण यंत्राच्या पोटात आहे. जपानच्या आर्केड, म्हणजे नाण्याच्या गेम-यंत्रांच्या, उद्योगाने १९८५ च्या सुमारास 'जामा' नावाची ५६ पिनांची जोडणी ठरवली. तिच्यामुळे एकाच लाकडी पेटीत आज या गेमचा बोर्ड, उद्या त्या गेमचा बोर्ड असे करता येऊ लागले. लहान गावातल्या व्हिडिओ गेम पार्लरवाल्याला हेच परवडणारे होते. पण ही जोडणी मुळात जॉयस्टिक आणि बटनांसाठी. स्टीअरिंग आणि पेडलच्या गेमला त्याची स्वतःची पेटी, स्वतःचे वायरिंग, स्वतःचे सुटे भाग लागतात. तो गेम जुना झाला की सगळी पेटीच अडून बसते. म्हणून आमच्याकडच्या पार्लरात मारामारीचे गेम चालले आणि गाड्यांची शर्यत घरातल्या टीव्हीवर आली.

ती आली कोनामी या जपानी कंपनीच्या 'रोड फायटर'मधून. आर्केडमध्ये हा गेम १९८४ चा, आणि १९८५ मध्ये तो टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला. यात रस्ता वरून दिसतो. आउट रनसारखी झाडे-पाट्या लहानाच्या मोठ्या होत अंगावर येत नाहीत, त्यामुळे महागडे हार्डवेअर लागत नाही आणि घरच्या यंत्रावर आणताना खेळातले फार काही गळत नाही. स्टीअरिंगची गरज नाही, दोन बटने पुरतात. दुसऱ्या बटनावर वेगाचा काटा ४०० पर्यंत जातो. रंगीबेरंगी गाडीला धडकले की पेट्रोल मिळते, साध्या गाडीला धडकले की आपली गाडी घसरते आणि कठड्याला लागली की संपली. न धडकता बराच वेळ चालवले की बाजूने एक माणूस उडत जातो. सगळी पोरे त्याला सुपरमॅन म्हणायची; तो कोनामी मॅन.

शिवाय अख्खा गेम ४० किलोबाइटच्या आत बसतो. मला हे या कहाणीतले सर्वांत महत्त्वाचे कारण वाटते. फॅमिकॉमच्या नकला करणाऱ्या कारखान्यांना एका कॅसेटमध्ये जितके गेम कोंबता येतील तितके हवे होते, आणि छोटे गेम त्यांच्या कामाचे होते. उदारीकरणानंतरच्या वर्षांत समुराई, मीडिया अशा नावांनी ही यंत्रे घराघरांत गेली. सोबतच्या '९९९९ इन १' कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच, बाकीचे त्यांचेच फेरफार. पण रोड फायटर बहुधा असायचाच. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ते दुकानात तासावर खेळायचे. उन्हाळ्याच्या सुटीत, बाहेर पारा ४४-४५ ला गेलेला असताना, दुपार घालवायला याहून चांगले काही नव्हते.

तर आता किमतीकडे. जळगावच्या सराफाकडे दागिना नेला की तो आधी कस पाहतो, मग वजन, आणि घडणावळीचे बोलणे शेवटी. इथेही क्रम तोच ठेवावा.

कस म्हणजे कॅसेट कोणाची. कोनामीला फॅमिकॉमच्या कॅसेटी स्वतः बनवायची मुभा होती, त्यामुळे जपानी अस्सल कॅसेटचे कवच कोनामीचे असते. युरोपात हाच गेम १९९२ मध्ये पालकॉम या नावाखाली निघाला. ती कॅसेट ७२ पिनांची, जपानी ६० पिनांची. खानदेशात सापडणारी बहुतेक ६० पिनांची पण नकली. कवच उघडले की हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा गोळा दिसतो. मात्र एवढ्यावरून निकाल देऊ नये, काही अस्सल जपानी कॅसेटींतही असे गोळे निघतात. कवच, स्टिकर, बोर्डावरचा छाप आणि सुरुवातीच्या पडद्यावरचे कंपनीचे नाव हे चारही ताडून पाहावे. नकलेत ते नाव पुष्कळदा पुसलेले असते. नकली माल अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि नव्या संग्राहकाचे मन त्यानेच उडते.

वजन म्हणजे अवस्था. या गेममध्ये सेव्हसाठी, म्हणजे अर्धवट खेळ जपून ठेवण्यासाठी, बॅटरी नाही, म्हणून तीस वर्षांनीही कॅसेट सहसा चालते. पिना काळ्या पडलेल्या असतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसाव्यात. पॉलिश पेपर लावला की वरचा मुलामा गेलाच समजा. फुंकर मारायची सवयही सोडावी, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. यंत्राचे दुखणे वेगळे: विजेच्या चढउतारात अ‍ॅडॉप्टर आणि कपॅसिटर आधी जातात. ते बदलून मिळतात, त्यामुळे बंद यंत्र फुकापासरी देऊ नये.

राहिली घडणावळ. नकली कॅसेटला बाहेरच्या बाजारात फारसा भाव नाही, आणि येईल असे सांगून कोणाला भुलवायचेही नाही. पण खानदेशात ही शर्यत ज्या वस्तूवर खेळली गेली ती वस्तू हीच. जपानी कॅसेट पैसे मोजून आजही मागवता येते. मूळ खोका, दुकानाचा शिक्का असलेली पावती, गॅरंटी कार्ड आणि चालू रिमोट यांसकट धुळ्याच्या आग्रा रोडवरून घेतलेला संच मात्र पुन्हा तयार होणार नाही. असा पूर्ण संच मिळाला तर सुट्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त पैसे द्यायला मी तयार असतो, आणि घेणाऱ्या प्रत्येकाने द्यावेत.

विकत घेताना घरच्यांकडून गाव, दुकान आणि अंदाजे वर्ष लिहून घ्यावे आणि चिठ्ठी खोक्यातच ठेवावी. फाटका स्टिकर काढून नवा छापून लावू नये. आणि त्याच घरात जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही चालू स्थितीत असेल तर तोही उचलावा. नव्या सपाट टीव्हीवर बटन दाबल्यावर गाडी वळायला क्षणभर उशीर होतो, आणि ४०० च्या वेगात तेवढ्यात कठडा लागतो.