बोंडअळी बीटीला का पुरून उरली?

कपाशीचे एखादे फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखे आवळलेले दिसले, की ती डोमकळी तोडून उकलून पाहावी. पाकळ्या धाग्यांनी बांधून आतले परागकण खात बसलेली गुलाबी बोंडअळी बहुधा तिथेच सापडते. पुढच्या पिढीची अळी कोवळ्या बोंडात शिरते, तिच्या प्रवेशाचे छिद्र बुजून जाते आणि बोंड वरून धडधाकट दिसत असताना आतली सरकी पोखरली जाते. फवारलेले औषध तिथवर पोहोचतच नाही.

म्हणूनच एका जिवाणूचे जनुक घातल्याने झाडाच्या अंगातच कीटकनाशक निर्माण करणाऱ्या बीटी कपाशीचा मोठा आधार वाटला होता. भारतात एका विषारी प्रथिनाचे वाण २००२ मध्ये आले, तर दोन प्रथिनांचे २००६ मध्ये. ही प्रथिने अळीच्या आतड्यातील ठरावीक रेणूंना चिकटतात, आतड्याला छिद्रे पडतात आणि अळी मरते. मात्र गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांतील गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला जुमानत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दुसरे प्रथिनही निकामी ठरू लागले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातील कपाशीचे अतोनात नुकसान झाले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरता येण्याजोगे नाही.

अळी विषाला सरावते, असे अनेकदा बोलले जाते. प्रत्यक्षात कोणतीही एक अळी सरावत नाही. लाखो अळ्यांत काही मोजक्या अशा असतात, की जनुकातील बदलामुळे त्यांच्या आतड्यातील तो रेणू बिघडलेला असतो आणि विषाला चिकटायला जागाच उरत नाही. बाकीच्या मेल्या, की वंश याच मोजक्यांचा वाढतो. हा गुण सहसा तेव्हाच पुरता उतरतो, जेव्हा बदललेले जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळते. बीटीभोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र लावण्याचा नियम याच आधारावर होता. तिथे वाढलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर झाला, तर पुढची पिढी बीटीवर मरते. बियाण्यासोबत साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी त्यासाठीच मिळत असे. ती फारच थोड्या शेतांत पेरली गेली.

तरीही सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. दोन-चार एकरांच्या धन्याने त्यातले वीस टक्के अळीला सोडून द्यावे, ही अपेक्षाच जड होती. शिवाय आपल्याकडे बीटी आली ती जवळजवळ सर्वत्र संकरित वाणांत. अशा झाडात बीटी जनुक सहसा एकाच पालक वाणाकडून आलेले असते, त्यामुळे बोंडातल्या सरकीत त्याची नव्याने वाटणी होते आणि एका जनुकापुरते पाहिले, तर चारांतली साधारण एक सरकी त्याच्याविना असते. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे शेजारी शेजारी मिळाल्याने, बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेल्या, म्हणजे एरवी मरणाऱ्या अळ्यांनाही तगण्याची संधी मिळते.

हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा आणि टोमॅटोवरही जगते. बीटी नसलेली ही पिके तिच्या साध्या पतंगांना आपोआप आसरा देतात आणि तिच्यावर बीटीचा प्रभाव बराच टिकून राहिला. गुलाबी बोंडअळी आपल्याकडे जवळजवळ केवळ कपाशीवर जगते. त्यातच पाणी देऊन फरदड, म्हणजे हंगामानंतरही त्याच झाडांचे लांबवलेले पीक, राखली, की तिच्या पिढ्या वाढत जातात.

अमेरिकेत साध्या कपाशीचे राखीव क्षेत्र आधी काटेकोरपणे पाळले गेले, नंतर अ‍ॅरिझोनासारख्या भागात नापीक केलेले पतंग विमानातून सोडण्यात आले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कपाशी पट्ट्यातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. आपल्याला तूर्त तिसऱ्या जनुकाची वाट पाहण्यापेक्षा कमी कालावधीचे वाण, मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे आणि डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे अधिक उपयोगाचे आहे. कारण सरकीत आणि पऱ्हाटीवरच्या, म्हणजे वाळलेल्या झाडांवरच्या, बोंडांत सुप्तावस्थेत राहिलेल्या अळीचे पतंग पुढे बाहेर पडतात, तेव्हा शेतात कळ्या-फुले नसतील तर त्यांची पुढची पिढी जगत नाही.